गुच्छातले काय ठेवावे?

सत्कार-समारंभ म्हटला की शाल, श्रीफळ आणि पुष्पगुच्छ हे त्रिकूट आलेच. यांपैकी शाल घडी घालून कपाटात जाते. श्रीफळ दोन दिवसांत चटणीला किंवा खोबऱ्याच्या वड्यांना कामी येते. प्रश्न उरतो तो पुष्पगुच्छाचा. समारंभाच्या दिवशी थाट त्याचाच सर्वांत मोठा. पण तिसऱ्या दिवशी त्याचे काय करावे हे घरात कोणालाच सुचत नाही. टाकून द्यावा तर देणाऱ्याचा चेहरा डोळ्यांसमोर येतो, आणि ठेवावा तर एव्हाना बादलीतल्या पाण्याला वास येऊ लागलेला असतो.

या लहानशा प्रश्नाचा थोडा पद्धतशीर विचार करावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. मी कला शाखेची विद्यार्थिनी. वनस्पतिशास्त्र हा काही माझा अभ्यासाचा विषय नव्हे. परंतु घरी आलेल्या एका गुच्छामुळे मला या विषयाकडे वळावे लागले, काही वाचावे लागले, काही जाणत्यांना विचारावे लागले आणि थोडेफार करूनही पाहावे लागले. त्यातून जे हाती आले ते माझ्या मित्रमैत्रिणींपुढे आणि गुरुजनांपुढे ठेवीत आहे.

गुच्छ हा पाहुणा

आपल्याकडे फूल वापरण्याच्या रीती अनेक आहेत. देवाला हार, केसांत गजरा किंवा वेणी, दाराला झेंडूचे तोरण, नवरानवरीच्या कपाळी मुंडावळ्या. या सर्वांत एक गोष्ट समान आहे. फुलाचे आयुष्य एका दिवसाचे, हे त्यांत गृहीतच धरलेले असते. काल वाहिलेले फूल आज निर्माल्य होते. ते देवावरून उतरवायचे आणि वाहत्या पाण्यात किंवा झाडाच्या बुंध्याशी ठेवायचे, हा संस्कार घरोघरी आहे. गणेशोत्सवात मुंबई महानगरपालिका विसर्जनाच्या ठिकाणी निर्माल्य कलश ठेवते, तो याच संस्काराचा नागरी अवतार होय.

देठांसकट बांधलेला, हातात द्यावयाचा गुच्छ मात्र आपल्याकडे पाश्चात्त्य शिष्टाचाराबरोबर आला आणि सभा-समारंभांतून रुळला. त्याची फुलेही निराळी. वसई-पालघरकडचे बागायतदार पहाटेच्या लोकलने दादरच्या फुलबाजारात आणतात तो सोनचाफा किंवा मोगरा गुच्छात क्वचितच दिसतो. तेथे असतात ती तळेगाव-मावळ भागातील हरितगृहांत वाढलेली लांब देठांची गुलाबाची फुले, जरबेरा, कार्नेशन, ग्लॅडिओलसच्या दांड्या आणि भोवती भरणा म्हणून जिप्सी व नेच्याची पाने.

फुले निराळी, देण्याची रीत निराळी, म्हणून ती ठेवण्याची इच्छाही निराळी. गजरा कोणी दिला हे बहुधा लक्षात राहत नाही. गुच्छ मात्र एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीला एका विशिष्ट दिवशी दिलेला असतो. तो वस्तूपेक्षा निरोपासारखा अधिक. आणि निरोप जपून ठेवावासा वाटणे हे स्वाभाविक नाही काय?

प्रश्न आमच्या घरी आला तेव्हा

माझी आई प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. एकतीस वर्षे घाटकोपर ते मुलुंड असा तिचा लोकलचा प्रवास चालला. गेल्या वर्षी जुलैच्या अखेरीस ती निवृत्त झाली. निरोप समारंभाहून ती भर पावसात घरी आली, तेव्हा तिच्या हातात प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळलेला एक भला मोठा गुच्छ होता. सहा लाल गुलाब, चार जरबेरा, ग्लॅडिओलसच्या तीन दांड्या, निशिगंधाच्या काही काड्या, जांभळे स्टॅटिस, पांढरी जिप्सी आणि पाने. त्या सर्वांच्या मधोमध, कोणीतरी मागाहून खोचलेले, आखूड देठाचे एक गुलाबी सदाफुलीचे फूल होते.

माझ्या आईला वस्तू साठविण्याची हौस नाही. दहा बाय बाराच्या खोलीत आणि तेवढ्याच स्वयंपाकघरात चार माणसांचा संसार केलेल्या बाईला ती परवडतही नाही. म्हणूनच दुसऱ्या दिवशी सकाळी तिने मला विचारले, "हा गुच्छ ठेवता येईल का गं कसा?" तेव्हा मला आश्चर्य वाटले. शेजारच्या काकू तेथेच होत्या. त्या म्हणाल्या, "वाळकी फुलं घरात ठेवू नयेत हो बाई." यावर आई हसून एवढेच म्हणाली, "तुळस नि बेल कुठे शिळे होतात?"

आईच्या बोलण्यात तथ्य आहे. तुळशीपत्र आणि बिल्वदल शिळे मानू नये, हा पूजाविधीतलाच संकेत आहे. म्हणजे वाळलेले ते सारे टाकाऊ, असे परंपराही सरसकट म्हणत नाही. ती अपवाद करते आणि त्या अपवादांना कारण असते. तेव्हा प्रश्न असा उरला की, या गुच्छातले काय अपवाद ठरावे, आणि कोणत्या रीतीने?

वेळ थोडा होता. पावसाळी हवेत गुच्छ फार तर तीन-चार दिवस तग धरणार. त्यानंतर निवड करण्यासारखे काही उरलेच नसते.

फूल का टिकत नाही

उपाय शोधण्यापूर्वी रोग समजून घ्यावा हे बरे. बहुतेक फुलांच्या वजनात ऐंशी टक्क्यांहून अधिक वाटा पाण्याचा असतो. पाकळी ताठ दिसते ती तिच्या पेशींत भरलेल्या पाण्याच्या दाबामुळे. देठ कापला की पुरवठा तुटतो, दाब उतरतो आणि पाकळी मान टाकते. त्याच वेळी ओल्या, मऊ पेशींवर बुरशी आणि जिवाणू आपले काम सुरू करतात. फूल वाळणे आणि फूल कुजणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. पाणी लवकर निघून गेले तर फूल वाळते. पाणी रेंगाळले तर ते कुजते. फुले टिकविण्याच्या बहुतेक साऱ्या पद्धती म्हणजे या शर्यतीत वाळण्याला पुढे काढण्याच्या युक्त्या होत.

दुसरा प्रश्न रंगाचा. लाल, जांभळा, निळा हे रंग बहुधा अँथोसायनिन नावाच्या रंगद्रव्यांचे असतात. ती चंचल असतात. शाळेत आपण जास्वंदीच्या पाकळीच्या रसात लिंबू पिळून तो लालभडक झालेला आणि साबणाच्या पाण्याने हिरवट झालेला पाहिला आहे. तोच हा गुण. म्हणून लाल गुलाब वाळताना काळसर होतो आणि काही जांभळी फुले निळसर पडतात. पिवळा व नारिंगी रंग पुष्कळदा कॅरोटिनॉइड गटातील द्रव्यांचा असतो. वाळताना तो तुलनेने चांगला टिकतो. पांढऱ्या फुलांची गोष्ट सर्वांत नाजूक. निशिगंध किंवा मोगरा चुरगळला की हवेतील प्राणवायूशी संयोग होऊन तपकिरी पडतो, कापलेले सफरचंद पडते तसाच. आणि सर्वच रंगांना ऊन हा शत्रू आहे.

तिसरा प्रश्न गंधाचा. गंध म्हणजे उडून जाणारी तैलद्रव्ये. ती उडतात म्हणूनच तर आपल्याला वास येतो. तेव्हा फूल वाळवताना बहुधा गंध जातो, हे समजून चालावे.

रूप, रंग आणि गंध या तिन्ही गोष्टी एकाच रीतीने टिकत नाहीत, एवढे यावरून स्पष्ट होते. निवडीचा सारा पेच येथेच आहे.

आपल्या घरातली जुनी उत्तरे

फूल टिकविण्याची कल्पना परकी आहे असे मात्र समजण्याचे कारण नाही. आपल्या आज्या-पणज्यांनी ती निराळ्या दिशेने सोडविली होती, इतकेच. त्यांनी रूप सोडून दिले आणि गंध धरला.

बकुळीचे फूल हे त्याचे सर्वांना ठाऊक असलेले उदाहरण. उपनगरांतील रस्त्यांच्या कडेला बकुळीची झाडे आजही आहेत. सकाळी त्यांच्याखाली बारीक, चांदणीसारखी फुले पडलेली असतात. ती वाळून तपकिरी झाली तरी त्यांचा वास पुष्कळ दिवस राहतो. म्हणून बकुळीचे वळेसर पातळांच्या घड्यांत आणि पुस्तकांच्या पानांत ठेवण्याची चाल पडली. कोकणातील सुरंगीचे वळेसरही असेच वाळून सुगंध देत राहतात. केवड्याचे पान ट्रंकेत कपड्यांत घालीत ते याच हेतूने.

गुलकंद ही तर पाकळ्या टिकविण्याचीच कृती. साखर पाकळ्यांतील पाणी ओढून घेते आणि इतक्या दाट पाकात जंतूंना वाढता येत नाही. मात्र येथे एक सूचना आवश्यक आहे. गुच्छातील गुलाबांवर बागेत व वाहतुकीपूर्वी औषधे मारलेली असण्याचा फार संभव असतो. आठवण म्हणून त्यांचा गुलकंद करण्याचा मोह कोणी धरू नये. त्यासाठी फवारणी न केलेला देशी गुलाबच हवा. कनौजचे अत्तरवाले देग आणि भपका वापरून फुलांची वाफ चंदनाच्या तेलात उतरवतात, ती कला याच मार्गाचे टोक होय. तेथे फूल पूर्ण नाहीसे होते आणि गंध तेवढा मागे राहतो.

आमच्या गुच्छाला हा मार्ग उपयोगाचा नव्हता. हरितगृहातल्या लांब देठांच्या गुलाबांना मुळातच वास फार थोडा असतो. गंध होता तो निशिगंधाला, आणि तो वाळल्यावर राहणारा नव्हे. तेव्हा रूप आणि रंग यांचाच विचार करणे भाग होते.

मार्ग आणि त्यांचे मोल

पहिला मार्ग दाबून वाळविण्याचा. हा सर्वांत जुना आणि अभ्यासकांना सर्वांत प्रिय. सोळाव्या शतकात इटलीत लूका गिनी या वनस्पतिशास्त्रज्ञाने वाळलेली रोपे कागदावर चिकटवून ठेवण्याची पद्धत रूढ केली असे मानतात. आपल्या मुंबईत झेव्हियर महाविद्यालयातील ब्लॅटर हर्बेरियम हा याच पद्धतीचा मोठा संग्रह आहे. तो १९०६ पासूनचा असून त्याला फादर एथेलबर्ट ब्लॅटर (१८७७–१९३४) या स्विस जेझुइट वनस्पतिशास्त्रज्ञाचे नाव दिलेले आहे. शंभर वर्षांपूर्वी दाबलेली फुले अशा संग्रहांतून आजही अभ्यासता येतात.

कृती सोपी आहे. फूल कोरडे असताना, म्हणजे त्यावर पाण्याचा थेंब नसताना, ते दोन साध्या पांढऱ्या कागदांमध्ये पसरावे. त्याच्या खाली-वर टिपकागद किंवा वर्तमानपत्राचे जाड थर द्यावेत, आणि वर फळी ठेवून जड वजन ठेवावे. छापील कागद फुलाला थेट लावू नये, शाई उतरते. पहिला आठवडा रोज थर बदलावेत. दोन ते चार आठवड्यांत फूल कागदासारखे होते. चपटी, पातळ पाकळ्यांची फुले यासाठी उत्तम. गुलाबासारखे भरगच्च फूल दाबायचे तर त्याच्या पाकळ्या सुट्या करून दाबाव्यात. या मार्गात फुलाचा आकार सपाट होतो, पण त्याची रेषा, शिरा आणि बराचसा रंग राहतो, आणि जागा लागते ती वहीच्या एका पानाइतकी.

दुसरा मार्ग उलटे टांगून वाळविण्याचा. पाने काढून, चार-पाच देठांच्या लहान जुड्या बांधून, काळोख्या, कोरड्या आणि हवेशीर जागी डोके खाली करून टांगाव्यात. डोके खाली ठेवण्याचे कारण हे की, मऊ पडलेला देठ वाकत नाही आणि फूल सरळ वाळते. खर्च शून्य, वेळ दोन ते तीन आठवडे. स्टॅटिस, जिप्सी, कोंबडा, कागदी फूल यांना हा मार्ग अगदी मानवतो, कारण त्यांच्यात मुळातच पाणी कमी असते. गुलाब मात्र सुरकुततो आणि काळवंडतो. जरबेरा टांगल्यास केविलवाणा दिसतो.

तिसरा मार्ग फूल एखाद्या शोषक पदार्थात पुरून ठेवण्याचा. पूर्वी यासाठी धुऊन, चाळून, उन्हात तापवलेली बारीक वाळू वापरीत. वाळू पाणी शोषत नाही. ती फुलाला आधार देते आणि पाणी हळूहळू बाहेर जाऊ देते, म्हणून तीन आठवडे लागतात. सिलिका जेल मात्र स्वतः ओलावा ओढते आणि स्वतःच्या वजनाच्या सुमारे एकतृतीयांश पाणी धरू शकते. घट्ट झाकणाच्या डब्यात तिचा थर द्यावा, देठ बोटभर ठेवून फूल त्यात उभे करावे आणि चमच्याने बारीक सिलिका पाकळ्या-पाकळ्यांमध्ये हलकेच भरीत फूल पूर्ण झाकावे. डबा बंद करावा. गुलाब पाच ते सात दिवसांत तयार होतो. मोठे मणी वापरल्यास पाकळीवर खड्डे पडतात, म्हणून बारीक दाण्यांचीच घ्यावी. तिची धूळ नाकात जाऊ नये म्हणून तोंडावर रुमाल बांधावा. वापरलेली सिलिका पुन्हा तापवून कोरडी करता येते, पण त्यासाठी घेतलेले भांडे स्वयंपाकाला वापरू नये. लखनौच्या राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेने वाळविलेल्या फुलांच्या हस्तकलेचे तंत्र विकसित करून त्याचे प्रशिक्षणही दिले आहे. तेव्हा हा मार्ग केवळ हौसेचा नसून उपजीविकेचाही होऊ शकतो.

या मार्गाने फुलाचा घाट जसाच्या तसा राहतो. किंमत मात्र पुढे चुकवावी लागते. इतके कोरडे फूल हवेतला ओलावा परत ओढून घेते आणि ढासळते. म्हणून ते कायम बंद बरणीत किंवा काचेच्या पेटीतच ठेवावे लागते.

चौथा मार्ग पानांपुरता. एक भाग ग्लिसरीन आणि दोन भाग गरम पाणी यांच्या मिश्रणात देठ उभे ठेवले, तर दोन-तीन आठवड्यांत जाड पाने ते शोषून घेतात. ती तपकिरी होतात पण लवचिक राहतात. फुलांना याचा फारसा उपयोग नाही.

पाचवा मार्ग अलीकडचा, रेझिनचा. लग्नातील वरमाला पारदर्शक रेझिनच्या ठोकळ्यात बसवून देणारे कारागीर आता मुंबईत पुष्कळ झाले आहेत. फुले काचेत गोठल्यासारखी दिसतात आणि पाहणारा थक्क होतो. पण हे लक्षात घ्यावे की, रेझिन फुले वाळवीत नाही. फुले आधी पूर्ण वाळवूनच त्यात घालावी लागतात. थोडा जरी ओलावा राहिला तर आत बुडबुडे येतात आणि फूल तपकिरी पडते. रेझिन घट्ट होताना तापते, उन्हात काही वर्षांनी पिवळट होते, आणि एकदा ओतले की पुन्हा फूल बाहेर काढता येत नाही. याशिवाय गोठवून निर्वातात वाळविण्याची यंत्रे असतात. त्यांनी फूल ताज्यासारखे दिसते. परंतु यंत्र महाग आणि काम काही आठवड्यांचे, त्यामुळे तो मार्ग सामान्य कुटुंबाच्या आवाक्याबाहेरचा.

मुंबईची हवा

पाश्चात्त्य पुस्तकांतील कृती आपण जशाच्या तशा उचलतो तेव्हा एक गोष्ट विसरतो. त्या कोरड्या हवेच्या घरांसाठी लिहिलेल्या असतात. १९२२ साली इजिप्तमध्ये तुतनखामेनची कबर सापडली आणि पुढे १९२५ मध्ये त्याच्या शवपेट्या उघडल्या गेल्या, तेव्हा त्यांवर वाहिलेले फुलापानांचे हार तेथे होते. तीन हजारांहून अधिक वर्षे ते ओळखू येण्याजोगे राहिले, ते वाळवंटातल्या कोरड्या, बंद हवेमुळे.

आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये हवेतील आर्द्रता ऐंशी टक्क्यांच्या वर असते. पापड मऊ पडतात, चामड्याच्या चपलांना बुरशी धरते, कपाटातील पुस्तकांना कुबट वास येतो. अशा हवेत उघड्यावर टांगलेला गुलाब वाळण्याऐवजी कुजण्याचा संभव अधिक. पावसाळा संपल्यावर, विशेषतः नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात, टांगण्याचा मार्ग निर्धास्तपणे घ्यावा. पावसाळ्यात मात्र दाबणे किंवा बंद डब्यातली सिलिका हेच दोन मार्ग खरे. दुसरा शत्रू कसर आणि बारीक किडे. वाळलेले फूल त्यांना मेजवानीच. चौकटीच्या मागे सिलिकेची पुडी आणि कपाटात डांबरगोळी किंवा कडुनिंबाचा वाळलेला पाला असावा. मात्र डांबरगोळी लहान मुलांच्या हाती लागू देऊ नये.

आम्ही काय निवडले

हे सारे समजून घेतल्यावर मी आईपुढे कागदावर एक तक्ता मांडला. कोणते फूल, कोणता मार्ग, किती दिवस, किती जागा. तिने तो वाचला, चष्मा काढला आणि म्हणाली, "सगळं ठेवायचंय असं मी कुठे म्हटलं? ती सदाफुली राहिली म्हणजे झालं."

तेव्हा मला त्या फुलाची हकीकत कळली. गुच्छ शाळेतल्या सहकाऱ्यांनी वर्गणी काढून दुकानातून आणला होता. आई फाटकाशी आली तेव्हा तिच्या तिसरीच्या वर्गातला एक मुलगा धावत आला. वर्षभर हा मुलगा वर्गात क्वचितच तोंड उघडी. त्याने फाटकाजवळच्या कुंडीतले फूल तोडले होते. ते त्याने गुच्छात खोचले आणि काही न बोलता तो पळून गेला. साऱ्या गुच्छात पैसे न देता आलेले तेवढेच एक फूल. माझ्या तक्त्यात मी त्याला जागाच दिली नव्हती, कारण फुलवाल्यांच्या यादीत सदाफुली नसते.

यानंतर निवड सोपी झाली. सदाफुली पाच पाकळ्यांची, चपटी आणि पातळ. दाबण्यासाठी जणू घडवलेली. ती त्याच दुपारी कागदांत गेली. दोन गुलाब अर्धा किलो सिलिकेत पुरले, ते सहकाऱ्यांची आठवण म्हणून. स्टॅटिस आणि जिप्सीची एक लहान जुडी फ्रिजच्या मागे, जेथे हवा किंचित उबदार असते, तेथे टांगली. बाकीचे सर्व, जरबेरा, ग्लॅडिओलस, निशिगंध आणि पाने, चौथ्या दिवशी बारीक चिरून खिडकीतल्या कुंड्यांच्या मातीत मिसळले. ते निर्माल्य झाले आणि तेही योग्यच झाले, असे आईला वाटले. काकूंनाही वाटले.

आज दहा महिन्यांनंतर दोन्ही गुलाब बरणीत आहेत. घाट सुरेख राहिला आहे. रंग मात्र लालाचा गर्द किरमिजी झाला. स्टॅटिसचा जांभळा रंग जवळजवळ तसाच आहे. जिप्सी थोडी पिवळसर पडून झडते. सदाफुलीचा गुलाबी रंग फिका झाला, पण मधला गडद ठिपका आणि पाकळ्यांच्या शिरा स्पष्ट दिसतात.

चिठ्ठीचे महत्त्व

हर्बेरियमच्या पद्धतीतून मी जे सर्वांत मोलाचे शिकले ते वाळविण्याबद्दलचे नाही. तेथे प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात एक चिठ्ठी असते. वनस्पतीचे नाव, कोठे मिळाली, कोणत्या दिवशी, कोणी गोळा केली. ही चिठ्ठी हरवली तर नमुन्याचे शास्त्रीय मोल बहुतांशी संपते. उरते ते एक वाळके डहाळे.

आपल्या साहित्याच्या विद्यार्थ्यांना अमेरिकन कवयित्री एमिली डिकिन्सन (१८३०–१८८६) हिचे नाव परिचित आहे. शाळकरी वयात तिने चारशेहून अधिक फुले-पाने दाबून एका वहीत चिकटवली आणि त्यांखाली नावे लिहिली. ती वही आज हार्वर्ड विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे. फुलांचे रंग उडाले असतील. पण मुलीच्या अक्षरातली नावे सोबत आहेत, म्हणून ती पाने आपल्याशी बोलतात.

घरगुती आठवणीलाही हाच नियम लागू पडतो. किती घरांत जुन्या पुस्तकांतून वाळलेली गुलाबाची पाकळी किंवा पिंपळाचे जाळीदार पान निघते! ते कोणी ठेवले, कशासाठी, हे सांगणारे माणूस गेलेले असते. पान टिकते आणि आठवण हरवते. म्हणून आईने सदाफुलीच्या कागदावर स्वतःच्या अक्षरात तारीख लिहिली, शाळेचे नाव लिहिले, इयत्ता आणि तुकडी लिहिली आणि त्या मुलाचे पूर्ण नाव लिहिले. आमच्यापैकी कोणालाही ते ठाऊक नव्हते. आता ते आमच्याजवळ आहे.

समारोप

ज्यांच्यापुढे असा प्रसंग येईल त्यांच्यासाठी विचाराचा क्रम असा सुचवावासा वाटतो. प्रथम, गुच्छातले नेमके काय ठेवावयाचे ते ठरवावे, आणि ज्याला तो मिळाला त्यालाच ते विचारावे. आपण सुंदर म्हणून निवडलेले फूल आणि त्याच्या मनातले फूल एकच असेल असे नाही. दुसरे, त्या फुलाचे रूप हवे, रंग हवा की गंध, हे पाहावे. कारण तिन्ही एकत्र मिळणार नाहीत. चपटे फूल दाबावे, भरगच्च फूल सिलिकेत पुरावे, मुळातच कोरडे असलेले टांगावे, आणि गंधच हवा असेल तर बकुळीकडे जावे. तिसरे, ऋतू आणि घरातली जागा पाहावी. चौथे, निर्णय पहिल्या दोन दिवसांत घ्यावा. कोमेजलेले फूल कोणत्याही पद्धतीने ताजे होत नाही. पाचवे, चिठ्ठी लिहावी. आणि शेवटी, जे ठेवता येत नाही ते मातीला द्यावे. त्याबद्दल मनाला रुखरुख लावून घेण्याचे कारण नाही.

या वर्षीही आपल्या महाविद्यालयात निरोपाचे आणि सत्काराचे समारंभ होतील, व्यासपीठावर गुच्छ दिले-घेतले जातील. समारंभ संपल्यावर पुष्कळदा ते टेबलावर तसेच विसरून जातात. त्यांतल्या एखाद्या गुच्छात मागाहून खोचलेले एखादे फूल आहे काय, एवढे जाता जाता पाहावे, ही विनंती.